वाखाचे रसायन आणि पाण्याचा हिशेब

धार जिल्हा दोन मजल्यांवर वसलेला आहे. वरचा मजला माळव्याचे पठार, खालचा निमाड. विंध्याचा कडा उतरून मनावर, कुक्षी, धरमपुरीकडे गेले की कापसाची शेते लागतात. वर पठारावर पीथमपूर आहे. आयशरचे ट्रक आणि फोर्सच्या गाड्या तिथे तयार होतात आणि गाड्यांच्या चाचणीसाठी ‘नॅट्रॅक्स’चा ११.३ किलोमीटरचा लंबवर्तुळाकार वेगमार्ग २०२१ पासून सुरू आहे. बदनावर तालुक्यातल्या भैंसोला गावी १७ सप्टेंबर २०२५ रोजी ‘पीएम मित्र’ वस्त्रोद्योग पार्कची पायाभरणी झाली. याच योजनेतला महाराष्ट्राचा पार्क अमरावतीला आहे. शेजारच्या देवास जिल्ह्यात सोयाबीनचा पट्टा आहे आणि दक्षिणेला बागली-कन्नोदच्या अंगाला साग-बांबूचे जंगल. पवारांच्या या जुन्या संस्थानांच्या मुलखात तंतू पिकतो, कापड व्हायच्या बेतात आहे आणि गाड्याही बनतात.

तरीही पऱ्हाटी, म्हणजे कापसाची वाळलेली झाडे, शेतातच जाळली जाते आणि गाडीच्या दाराच्या आतल्या पॅनेलसाठी लागणारे प्लॅस्टिक काचतंतू किंवा खनिज भुकटी घालून बळकट केले जाते. मधला दुवा कोणता तुटलेला आहे? संशोधकांचे ठरलेले उत्तर असे, की वनस्पतीचा तंतू प्लॅस्टिकला धरत नाही, त्यावर आधी रासायनिक उपचार करावा लागतो. उत्तर बरोबर आहे, पण अपुरे आहे. गेल्या चाळीस वर्षांतले काम एकत्र ठेवून पाहिले तर उपचारांचे रसायनशास्त्र बऱ्यापैकी उलगडले आहे, असे दिसते. उपचाराला लागणाऱ्या आणि त्यातून निघणाऱ्या पाण्याचा हिशेब मात्र कोणी नीट मांडलेला नाही. धार-देवाससारख्या भागात निर्णय त्याच हिशेबावर व्हायचा आहे.

कल्पना जुनीच

वनस्पतीच्या तंतूची गाडी ही काही नवलाई नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या सुरुवातीला ब्रिटनमध्ये जवसाच्या धाग्यात फिनॉलिक रेझिन मुरवून स्पिटफायर विमानाचे धड प्रयोगादाखल तयार केले होते. पूर्व जर्मनीची ट्राबांट १९५७ ते १९९१ या काळात तीस लाखांहून जास्त विकली गेली. तिच्या बाहेरच्या पत्र्यासारख्या दिसणाऱ्या भागांत वाया गेलेला कापूस आणि फिनॉलिक रेझिन होते. नव्वदच्या दशकात मर्सिडीजने दारांच्या आतल्या पॅनेलमध्ये जवस आणि घायपाताचा वाख आणला. २०१३ साली आलेल्या बीएमडब्ल्यू आय-३ मध्ये तर दाराच्या पॅनेलवर केनाफचे तंतू उघडे दिसतील असे ठेवले होते. केनाफ म्हणजे आपली अंबाडी. जिची भाजी आपण भाकरीशी खातो आणि जिच्या वाखाचे दोर शेतकरी घरी वळत असे, तीच.

या तंतूंची भुरळ पडायला कारण आहे. काचतंतूची घनता सुमारे २.५ ग्रॅम प्रति घनसेंटिमीटर, तर वनस्पतीच्या तंतूंची १.२ ते १.५. म्हणजे तितक्याच आकाराचा भाग हलका होतो. ताण सहन करण्यात काचतंतू फार पुढे आहे. तो २००० मेगापास्कलच्या वर जातो, ताग किंवा घायपात ४०० ते ८०० च्या घरात राहतो. पण दाराच्या आतल्या पॅनेलला विमानाच्या पंखाइतके बळ लागत नाही. शिवाय काच मशीनची पाती झिजवते, कामगाराच्या हाताला खाज आणते आणि गाडी भंगारात गेल्यावर जळत नाही.

चिकटत का नाही

वनस्पतीचा तंतू म्हणजे सेल्युलोजच्या लांब साखळ्या, त्यांना बांधणारे हेमिसेल्युलोज आणि लिग्निन, आणि वरून पेक्टिन, मेण, धूळ. कापसाच्या सरकीवरच्या तंतूत सेल्युलोज नव्वद टक्क्यांच्या आसपास असते. तागात ते ६० ते ७० टक्के, तर नारळाच्या काथ्यात चाळीसच्या आसपास आणि लिग्निनही जवळपास तितकेच. या साखळ्यांवर जागोजाग हायड्रॉक्सिल गट असतात आणि त्यांना पाण्याची ओढ असते. हवेतला दमट पावसाळा तंतू आपल्या वजनाच्या आठ-दहा टक्क्यांपर्यंत पिऊन ठेवतो. उलट पॉलिप्रॉपिलीनसारख्या प्लॅस्टिकला पाण्याशी काही देणेघेणे नाही. दोघे एकत्र आले की सांध्यावर पोकळी राहते, पोकळीत पाणी शिरते, तंतू फुगतो-आकसतो आणि भार आल्यावर प्लॅस्टिकमधून नुसता सरकून बाहेर येतो. दुसरी अडचण उष्णतेची. सेल्युलोज २०० अंश सेल्सिअसच्या वर बिघडू लागते. त्यामुळे सुमारे १६५ अंशाला वितळणारे पॉलिप्रॉपिलीन चालते, पण उच्च तापमानाची बरीच प्लॅस्टिके आपोआप बाद होतात.

उपचारांची घराणी

उपचारांची नावे डझनावारी आहेत, पण घराणी तीनच. पहिले घराणे खरवडणारे. त्याचा मूळपुरुष जॉन मर्सर. कॉस्टिक सोड्याने सुती कापड बदलते हे त्याने १८४४ च्या सुमारास पाहिले आणि १८५० मध्ये पेटंट घेतले. कापडासाठी तीव्र द्रावण वापरतात. तंतू आणि प्लॅस्टिक मिळून होणाऱ्या कंपोझिटसाठी २ ते १० टक्के, आणि सर्वांत जास्त वेळा ५ टक्के. प्रयोगशाळेत हे पाहण्यासारखे असते. फिकट पिवळा वाख ५ टक्क्यांच्या द्रावणात बुडवला की थोड्याच वेळात द्रावण चहाच्या रंगाचे होते आणि बोटांना बुळबुळीत लागते. तो रंग म्हणजे लिग्निन आणि हेमिसेल्युलोज. मग लिटमस बदलेनासा होईपर्यंत धुवायचे, वाटल्यास शेवटी चिमूटभर ॲसेटिक आम्ल घालायचे आणि वाळवायचे. सूक्ष्मदर्शकाखाली गुळगुळीत तंतू खडबडीत झालेला दिसतो, बारीक धागे सुटे होतात आणि रेझिनला पकड मिळते.

दुसरे घराणे झाकणारे. हायड्रॉक्सिल गटांवर दुसरा गट बसवला की तंतूची पाण्याची ओढ कमी होते. ॲसेटिक ॲनहायड्राइडने केलेले ॲसेटिलेशन हे त्याचे सर्वांत अभ्यासलेले रूप. ते लाकडावर नेदरलँड्समध्ये २००७ पासून ‘अकोया’ या नावाने व्यापारी प्रमाणावर चालते. बेंझॉइलेशन, स्टिअरिक आम्ल, ॲसिटोनमधले पातळ पोटॅशियम परमँगनेट हे याच घराण्याच्या आसपासचे.

तिसरे घराणे जोडणारे. एक हात तंतूला, दुसरा हात प्लॅस्टिकला. सिलेन, आयसोसायनेट आणि मॅलिक ॲनहायड्राइड जोडलेले पॉलिप्रॉपिलीन हे त्यातले मुख्य. या शेवटच्याला कारखान्यात त्याच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून एमएपीपी म्हणतात. त्याची खुबी अशी, की तंतू आधी कशात बुडवावा लागत नाही. वितळत्या प्लॅस्टिकमध्येच दोन-चार टक्के मिसळले की काम होते. हा फरक पुढे कामी येणार आहे.

चाळीस वर्षांनी काय हाती आले

भारतात या कामाचा पाया दक्षिणेत पडला. तिरुअनंतपुरमच्या प्रादेशिक संशोधन प्रयोगशाळेत ऐंशीच्या दशकात काथ्या, केळी, घायपात यांचे गुणधर्म मोजले गेले. नव्वदच्या दशकात कुरुविला जोसेफ, साबू थॉमस आणि सी. पवित्रन यांनी घायपात-पॉलिइथिलीन कंपोझिटवर अनेक उपचार शेजारी शेजारी ठेवून तपासले. त्यात काजूच्या टरफलातून निघणाऱ्या कार्डॅनॉलपासून केलेला आयसोसायनेटही होता. आपल्या कोकण-गोव्यात जे टरफलाचे तेल हलका माल म्हणून निघते, ते तंतूची पाण्याची ओढ कमी करायला उपयोगी पडले. भोपाळच्या प्रादेशिक संशोधन प्रयोगशाळेने ॲल्युमिनियम उद्योगातला लाल गाळ आणि ताग रेझिनमध्ये घालून लाकडाला पर्याय शोधला, घायपातावरही काम केले. तीच प्रयोगशाळा आज ‘ॲम्प्री’ या नावाने ओळखली जाते. मुंबईत माटुंग्याला १९२४ साली सुरू झालेल्या कापूस प्रयोगशाळेने, म्हणजे आजच्या ‘सिरकॉट’ने, पऱ्हाटीचे पार्टिकल बोर्ड करण्याचे तंत्र विकसित केले.

जगभरच्या कामाचा एक बराच वापरला गेलेला गोषवारा झुए ली, लोप टॅबिल आणि सत्यनारायण पाणिग्रही यांनी कॅनडातल्या सस्कॅचेवानमधून २००७ मध्ये प्रसिद्ध केला. या सगळ्याचे सार काढायचे तर चार गोष्टी पक्क्या आहेत.

पहिली, उपचार उपयोगी पडतो. योग्य तीव्रतेला कंपोझिटची ताणशक्ती साधारण १० ते ३० टक्के वाढलेली बऱ्याच अभ्यासांत दिसते आणि पाणी शोषणे कमी होते. दुसरी, जास्त म्हणजे चांगले नव्हे. घायपात-पॉलिएस्टरमध्ये ५ टक्के कॉस्टिकचा तंतू १० टक्क्यांच्या तंतूपेक्षा सरस ठरला. घायपात आणि तेलताडाचे तंतू रबरात घातले तेव्हा ४ टक्क्यांना उत्तम निकाल आला. त्यापुढे लिग्निनबरोबर तंतूचाच गाभा कमजोर होतो. तिसरी, पकड घट्ट झाली की धक्का सोसण्याची ताकद अनेकदा घटते, कारण तंतू सरकताना जी ऊर्जा गिळली जाते ती गिळली जात नाही. गाडीच्या पॅनेलला धक्काच सोसायचा असतो, म्हणून ताणशक्तीचा एकटा आकडा फसवा ठरतो. चौथी, कोणताही एक उपचार सर्व तंतूंना आणि सर्व प्लॅस्टिकांना लागू पडत नाही.

वाद उरला आहे तो मोजमापाचा. वनस्पतीचा तंतू गोल नसतो, एकाच खोडातल्या दोन तंतूंची जाडी सारखी नसते. उपचारात वजन दहा टक्के किंवा त्याहून जास्त घटते. जो भाग विरघळून गेला तो ताकदवान नव्हताच, त्यामुळे उरलेल्या बारीक तंतूची प्रति क्षेत्र ताकद आपोआप वाढलेली दिसते. शेतकऱ्याने शंभर किलो दिले आणि कारखान्यात नव्वद पोचले, तर मधल्या दहा किलोंची किंमत कोणाच्या खाती धरायची, हे निबंधात नसते.

बाग, देवास, नागदा

धार-देवासचा भाग या रसायनशास्त्राला नवखा नाही. धार जिल्ह्यातल्या बाग गावचे खत्री छापणीवाले हेच काम सुती कापडावर पिढ्यान्‌पिढ्या करत आले आहेत. कोरे कापड धुऊन ते कच्चे मीठ, एरंडेल आणि शेळीच्या लेंड्यांच्या मिश्रणात मळतात, वाळवतात, पुन्हा मळतात. क्षार आणि तेल मिळून तंतूवरचे मेण सुटते. मग हिरड्याच्या पाण्यात बुडवून कापड पिवळट करून घेतात. त्यानंतर ठशांनी तुरटी आणि गंजलेल्या लोखंडाची खळ उमटते. तुरटी सुती तंतूला एकटी नीट धरत नाही. हिरड्यातले टॅनिन तिला धरून ठेवते आणि तुरटी पुढे अलिझरीनच्या लाल रंगाला धरते. तंतूकडे एक हात आणि रंगाकडे एक हात, म्हणजे वर सांगितलेले तिसरे घराणेच. छापलेले कापड भट्टीत जाण्याआधी बाघिनी नदीच्या वाहत्या पाण्यात झटकून धुतात. सुटी तुरटी पाण्याबरोबर निघून जावी आणि पांढऱ्या जागेवर बसू नये म्हणून पाणी वाहतेच लागते. साठलेल्या पाण्यात काम बिघडते. कारागिराने आपला उद्योग नदीकाठी का मांडला, याचे उत्तर या एका पायरीत आहे.

देवासला बँक नोट प्रेस आहे. तिथे छापली जाणारी नोट सुती तंतूच्या कागदाची असते आणि तो तंतू कागद होण्यापूर्वी कॉस्टिकमध्ये शिजवला जातो. या कागदाची जुनी गिरणी १९६८ पासून होशंगाबादला, आजच्या नर्मदापुरमला, नर्मदेच्या काठी आहे. प्रेस पठारावर, पण कागदाची ओली कामे नदीकाठी. शेजारच्या उज्जैन जिल्ह्यात नागद्याला ग्वाल्हेर रेयॉनने, म्हणजे आजच्या ग्रासिमने, १९५४ मध्ये व्हिस्कोस तंतूचे उत्पादन सुरू केले. लाकडाच्या लगद्यातले सेल्युलोज तीव्र कॉस्टिकमधून काढूनच व्हिस्कोस होते. हा कारखाना चंबळेवर आहे. नागद्याच्या खालच्या बाजूच्या चंबळेच्या पाण्याचा प्रश्न अनेक वर्षे गाजला आणि अलीकडच्या काळात तिथे सांडपाणी बाहेर न सोडण्याची यंत्रणा उभी राहिली.

तिन्ही उदाहरणे एकच सांगतात. सेल्युलोज आणि क्षार जिथे भेटतात तिथे नदी लागते आणि नदीची किंमत कोणाला तरी मोजावी लागते.

न छापलेला आकडा

आता हिशेब मांडू. प्रयोगशाळेत तंतू आणि द्रावण यांचे प्रमाण बहुधा १:२० धरतात, म्हणजे १० ग्रॅम वाखाला २०० मिलीलिटर. हेच प्रमाण एक टन वाखाला लावले तर २०,००० लिटर द्रावण लागेल आणि ५ टक्क्यांच्या हिशेबाने त्यात एक टन कॉस्टिक सोडा. टनाला टन! त्यातला बराचसा सोडा वापरला जात नाही आणि द्रावण पुन्हा वापरता येते, पण किती वेळा आणि लिग्निन साचत गेल्यावर गुण किती उतरतो, हे सांगणारे निबंध थोडे. त्यावर तीन-चार धुण्यांचे पाणी वेगळे. निघणारे पाणी तपकिरी, अतिक्षारीय आणि सेंद्रिय भाराने जड असते. आम्ल घालून उदासीन केले तर क्षार जातो, पण त्याच्या जागी विरघळलेले मीठ येते आणि ते साध्या गाळणीने जात नाही. कॉस्टिक स्वतः मिठाच्या पाण्यातून वीज सोडून तयार होतो, त्यामुळे ‘हरित’ तंतूच्या खात्यात ती वीजही धरावी लागते.

देवासने १९९० साली रेल्वेने पाणी आणून तहान भागवली आहे. पुढे नर्मदेचे पाणी लांबच्या जलवाहिनीने उद्योगांपर्यंत आणावे लागले आणि २००६ नंतर शेतकऱ्यांनी शेततळी खणण्याची मोठी मोहीम उभी केली. अशा गावात वीस हजार लिटरचे टाके कोणी सहज मांडू देणार नाही. पीथमपूरची गोष्ट त्याहून नाजूक. भोपाळच्या युनियन कार्बाइडच्या आवारातला ३३७ टन कचरा २०२५ च्या जानेवारीत इथे आणला गेला तेव्हा गावाने रस्त्यावर येऊन विरोध केला. शेवटी न्यायालयाच्या देखरेखीत जूनअखेर तो जाळून संपवला गेला. त्यानंतर ‘आमचे रसायन सौम्य आहे’ एवढे म्हणून भागत नाही. किती लिटर, कोणत्या गुणवत्तेचे आणि कुठे जाणार, हे आधी सांगावे लागते.

मग काय चालेल

हिशेब असा मांडला की पर्याय आपोआप रांगेत उभे राहतात.

सर्वांत पुढे कोरडा मार्ग. तंतू आणि पॉलिप्रॉपिलीनचे धागे साधारण निम्मे-निम्मे मिसळून सुईकामाने नमद्यासारखी चटई करायची, एमएपीपी प्लॅस्टिकमध्येच घालायचे आणि गरम साच्यात दाबायचे. युरोपातल्या गाड्यांची आतली पॅनेले बऱ्याच प्रमाणात याच वाटेने झाली आहेत. टाके नाही, धुणे नाही. अंबाडी आणि केळी यांना ही वाट सोयीची. बुऱ्हाणपूर, बडवानी, खरगोनच्या आणि सातपुड्यापलीकडे रावेर-यावलच्या केळीबागांत घड काढल्यावर खोड वायाच जाते. मात्र शंभर किलो ओल्या खोडातून वाख जेमतेम किलोभर निघतो. म्हणून सोपटे ओढण्याचे यंत्र बागेच्या बांधावरच हवे. पाण्याने भरलेले खोड पीथमपूरपर्यंत वाहून नेण्यात अर्थ नाही.

दुसरा मार्ग सौम्य उपचाराचा. इटलीतल्या संशोधकांनी २०१६ मध्ये घायपाताला कॉस्टिकऐवजी १० टक्के सोडियम बायकार्बोनेट, म्हणजे खाण्याचा सोडा, वापरून इपॉक्सीशी पकड सुधारल्याचे दाखवले. वेळ जास्त लागतो, तास नव्हे तर दिवस, पण हाताळणी सुरक्षित राहते. पेक्टिन खाणारी एन्झाइमे आणि तलावात कुजवण्याची जुनी रीतही याच बाजूची. कुजवण्याने पाणी नासते, हे मात्र कबूल करावे लागते.

तिसरा मार्ग कापडगिरणीचा, आणि माझ्या मते भैंसोल्याला तोच सर्वांत जवळचा. गिरणीत कापड टाक्यात बुडवून ठेवत नाहीत. द्रावणातून काढून रुळांत पिळतात, म्हणजे कापड आपल्या वजनाइतकेच द्रावण घेऊन पुढे जाते. वाखाची चटई अशा पॅडिंग यंत्रातून काढली तर एक टन तंतूला ५ टक्क्यांचे टनभर द्रावण लागेल आणि त्यात कॉस्टिक ५० किलो. वर काढलेल्या एक टनाचा विसावा हिस्सा. मर्सरायझिंग करणाऱ्या गिरण्या धुण्याच्या पाण्यातला कॉस्टिक आटवून परत मिळवतात, ते तंत्रही जुने आहे. वस्त्रोद्योग पार्कात सामायिक सांडपाणी प्रक्रियेची व्यवस्था तशीही लागणारच. कंपोझिटची ओली पायरी तिच्या शेजारी बसवली तर एकट्या लहान उद्योजकाला न झेपणारा खर्च वाटून जाईल.

पऱ्हाटीला या तिन्हींची गरज नाही. एकरी सुमारे टनभर निघणारी ही काटकी लाकडासारखी आहे, तिचा चुरा करून बोर्ड व्हावा. ती शेतात किंवा बांधावर ठेवली तर गुलाबी बोंडअळीचा मुक्काम वाढतो, म्हणून वेचणी संपताच तिचा चुरा व्हायला हवा. इथे रसायनाचा प्रश्न तंतूचा नसून गोंदाचा आहे. स्वस्त युरिया-फॉर्मल्डिहाइड वापरल्यास बोर्डातून वायू सुटत राहतो. देवासच्या बांबूला किडीपासून वाचवणारी बोरॅक्स-बोरिक आम्लाची मात्रा पुरते. वन कायद्याच्या २०१७ च्या दुरुस्तीने जंगलाबाहेर लावलेला बांबू ‘झाड’ या व्याख्येतून निघाल्याने तो तोडून नेणेही सोपे झाले आहे. सोयाबीनचा कुटार तंतू म्हणून कमजोर असतो. तो भराव म्हणून वापरावा किंवा गुरांपुढेच राहू द्यावा.

राहता राहिला सर्वांत कंटाळवाणा आणि सर्वांत निर्णायक मुद्दा, सारखेपणाचा. गाडी कंपनीला सर्वोत्तम तंतू नको असतो, दर खेपेला तोच तंतू हवा असतो. ओलावा किती, लांबी किती, वास येतो का, आणि चाळीस अंशांच्या उन्हाळ्यानंतर लागलेल्या पावसात पॅनेल वाकते का, हे ती विचारते. त्यासाठी प्रतवारी करणारे केंद्र आणि मालाला ओलाव्यानुसार भाव हवा. कापसाच्या बाजारात हे काही अंशी आहे, वाखाच्या बाजारात अजिबात नाही.

नवे उपचार शोधणाऱ्या निबंधांची दरवर्षी भर पडते आहे आणि ते शोधले जावेत. पण धार-देवासला लागणारी माहिती त्यात क्वचितच असते. प्रत्येक निबंधाने मेगापास्कलच्या रकान्याशेजारी आणखी तीन रकाने छापावेत: किलोमागे किती लिटर पाणी, किती ग्रॅम रसायन आणि किती ग्रॅम तंतू गळाला. ते तीन आकडे समोर आले, तर कोणता उपचार निमाडात बांधावर करायचा, कोणता भैंसोल्यात गिरणीत करायचा आणि कोणता करायचाच नाही, हे ठरवायला नवे संशोधन लागणार नाही. साधी बेरीज-वजाबाकी पुरेल.